चार पिसं उरली

छताला दोऱ्यानं टांगलाय कांदा,
त्यात खोचलेली सात पिसं,
उपासाच्या सात आठवड्यांची.
दर आठवड्याला एक उपसायचं.
तीन गेली. नातू विचारतो,
कांद्याला दुखत नाही का गं?

देवळात वेदीपुढे पडदा ओढलेला.
इतके आठवडे तो उघडत नाही आमच्याकडे.
पाद्रीबाबांचा आवाज कापडाआडून येतो,
शेजारच्या खोलीतल्या आजाऱ्यासारखा.
म्हणून मी घरी वाचते.
सेवानवरचा वारा दार ढकलत असतो,
भुईतला तोनीर तापायला वेळ असतो,
तेवढ्यात एकच उतारा,
महिना होत आला, तोच:
त्या बाईला धरून आणलंय, मधोमध उभी केलीय,
आणि तो खाली वाकून
बोटानं मातीवर काहीतरी लिहितोय.

काय लिहिलं, ते योहान सांगत नाही.
आमचे गुर्गेन म्हणायचे, त्या पुरुषांची पापं, नावानिशी.
पाद्रीबाबा म्हणतात, आज्ञा.
मी फळीवरच्या पिठात लिहून पाहिलं.
आधी माझं नाव, हायकानुश.
मग आणखी एक.
ते लगेच पुसलं.

झाबेलचा नवरा रशियात सडका बांधतो.
मागच्या हिवाळ्यात तिच्या फाटकापासून
एका ट्रकच्या चाकांचे ठसे निघाले होते,
पहाटेच्या कोऱ्या बर्फावर.
मातीवरचं कुणाला वाचता आलं नाही,
बर्फावरचं मात्र गावानं घडाघडा वाचलं.
मीही वाचलं. वर बोटं मोडली.
ती भाकरीला आली की
फडक्याखाली चळत झाकून सांगायचे,
संपल्या.

दोनदा वाकला तो.
मधे उठून एकच वाक्य बोलला, पुन्हा खाली.
आज पहाटे मला वाटलं,
लिहायचं असं काही नसेलच.
सगळे तिच्याकडे बघत होते.
निदान एका माणसाची नजर
तिच्यावरून निघावी, म्हणून
त्यानं ती मातीत नेली.
आणि मग म्हणे एकेक जण निघून गेला,
आधी म्हातारे.
मी एकाहत्तरची.
पुस्तक मिटलं, चश्मा त्यातच राहिला.

सातला झाबेल आली, फडकं घेऊन.
मी तोनीरमध्ये कमरेपर्यंत वाकलेले,
पहिली भाकरी भिंतीला थापत होते.
वर बघितलं नाही.
आतूनच म्हणाले, नणंद आजारी आहे माझी,
लाटणं तिथं आहे.

बराच वेळ काही नाही.
मग कोट खुंटीला लागल्याचा आवाज.

एकशेवीस झाल्या दुपारपर्यंत.
ती लाटायची, हवेत फिरवून पातळ करायची,
उशीवर पसरून माझ्या हातात द्यायची.
बोलणं काही झालं नाही.
तिला ठसका लागला तेव्हा पाणी दिलं, तेवढंच.
मग फळी पुसायला घेतली.
पिठात दोघींच्या बोटांच्या रेघा होत्या,
एकमेकींवरून गेलेल्या.
वाचत बसले नाही.

तिच्या फडक्यात दहा जास्त घातल्या,
तिनं मोजून पाच परत ठेवल्या.
दारात कोट घालता घालता म्हणाली,
मीठ कमी पडलंय.

तुकडा मोडून बघितला.
खरंच कमी होतं.