छाट

बी.ए.ला हा विषय घेतला तेव्हा
शेजारच्या कनकव्वानं विचारलं,
"म्हंजे येड्यांचं शिकणार काय गं तू?"
मी हो म्हटलं. सोपं पडलं.

विद्यापीठ केगावला, शहर सुटतं तिथं.
बस रिकामी होत जाते, ऊन भरत जातं.
प्रयोगशाळेत एक कूलर, आवाजापुरता,
आणि काचेच्या कपाटात
माणसं मोजायची लाकडी खोकी, कुलूपबंद.

एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात
बोटांच्या चपळाईची चाचणी आली.
फळीला शंभर भोकं,
एकेका भोकात तीन पिना.
प्रयुक्त हवा होता. मी आईला नेलं.

प्रयुक्त: स्त्री. वय: अंदाजे अठ्ठेचाळीस.
शिक्षण: तिसरी, तेलुगू शाळा.
व्यवसायाच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं,
तर तीच म्हणाली, "लिही की, विड्या."

खुर्चीत अवघडली होती.
मग फळी मांडीवर घेतली सुपासारखी
आणि ओकटी, रेंडू, मूडू,
पुढचं पुटपुटणं मला लागेना.
तिन्ही पिना एका चिमटीत.
स्टॉपवॉच थांबवायचं मी विसरणार होते.

पुस्तिकेतला तक्ता संपला.
तिच्या वेळेला त्यात ओळच नव्हती.
हत्तुरे सर चष्मा पुसत म्हणाले,
"आउटलायर आहे. सरासरी बिघडेल. काढून टाक."

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली,
"नापास झाले काय मी?"
"नाही गं. छाट निघालीस."
ती हसली. छाट तिला पाठ आहे:
मुकादम हजारातनं बाजूला फेकतो त्या विड्या,
ज्यांची मजुरी नाही.
दोन थांबे गेले.
मग खिडकीकडं बघत म्हणाली,
"छाटबी विकतातच की ते."

पुढे काय, असं विचारतात पहिल्या वर्षाची पोरं.
पुढे सिव्हिलमध्ये एक खोली,
क्षयाच्या रांगेच्या पलीकडं.
अकरा महिन्यांचं कंत्राट.
दोन खुर्च्या, एकीचा पाय डुगडुगता,
तो माझ्याकडं ठेवलाय.
पहिला आठवडा नुसतं दार उघडायचं
आणि कुणीतरी विचारायचं, एक्स-रे कुठं?

मग एक बाई आली. डोकं दुखतं म्हणाली,
त्यापलीकडं काही नाही.
मी प्रश्नावली काढली, एकवीस प्रश्न.
चौथ्यावर तिचे हात दिसले:
पदराचं टोक वळत होती,
तोंड दुमडत होती,
सोडून परत वळत होती.

कागद पालथा घातला मी.
विचारलं, "एन्नी?"
तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.
"हजार," म्हणाली,
आणि बऱ्याच वेळानं,
"पोरगा गेल्यापासून सातशेच."

मधल्या तीनशेंना पाऊण तास लागला.
दोनदा दार उघडलं.
एक्स-रे डावीकडं, मी हातानंच दाखवलं.