बेटावर, चुना घेऊन

शुभ शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी
फागू वलथरेच्या डोंग्यात आम्ही बसतो:
मी, माझा भाचा शमुवेल, चुन्याची बादली
आणि अंबाडीचा कुंचा.
वैनगंगेला या दिवसांत गुडघाभर पाणी,
चालतही जाता येतं.
पण फागू म्हणतो, "मेलेल्याइकडं डोंग्यानंच जावा जी.
भिजल्या पायानं गेला त थे मागं मागं येतेत."

डावीकडं त्याच्या डांगरवाड्या,
वाळूत पसरलेले वेल,
टरबुजांवर पळसाच्या पानांची सावली घातलेली.

मधोमध बेट. काळा खडक, तीन मोह,
मोहांच्या आडोशाला देऊळ.
आम्ही देऊळ म्हणतो, गाव म्हणतं पादऱ्याची खोली.
आहेही खोलीएवढंच, दाटीवाटीनं वीस माणसं.
कवेलू उतरलेत. घंटा कोणीतरी
तुमसरच्या भंगारात घातली.
चौकटीवर सन कोरलाय, अठराशे सत्तर आणि काहीतरी,
शेवटचा आकडा पावसानं खाल्ला.

काठावरच्या गावानं बाटलेल्यांना मसणवटीत जागा दिली नव्हती.
पादऱ्यानं मालगुजाराच्या दारी सात फेऱ्या घातल्या.
सातव्या वेळी मालगुजार हसला,
"नदीतला दगड घ्या, साहेब.
तो कोणाच्याच पट्ट्यात नाही."
पहिली कबर पादऱ्याच्या बायकोची.
सब्बल मारून खडक फुटायला दोन रात्री गेल्या,
तोवर ती देवळात होती, कडुनिंबाच्या पाल्यावर.

तिला फरशी आहे, नाव आहे, कबुतर कोरलेलं आहे.
तिच्या पलीकडं छप्पनच्या दुष्काळातली पोरं.
अनाथालयातून एका डोंग्यात तीन-तीन यायची.
त्यांना नवी नावं द्यायला पादऱ्याला सवड झाली नाही,
जुनी कोणी विचारली नाहीत.
नदीतले गोटे उभे केले, त्यावर आकडे.
कोरणारा फागूचा पणजा.
मासे मोजण्यापुरते, वीसपर्यंत त्याला यायचे.
वीस झाले की तो पुन्हा एकपासून लागायचा.
म्हणून इथं एक तीनदा आहे, दोन तीनदा, तीन तीनदा,
बाकी सगळे दोनदा.

माझा आजा यिर्मया त्या पोरांतला, वाचलेला.
सहा वर्षांचा असावा.
बहीण त्याहून लहान, पारबता.
तिला सात मिळाला, एवढं त्यानं ऐकलं होतं.
कोणता सात, ते नाही.
जन्मभर तो दोन्ही सातांना दोन-दोन हात चुना द्यायचा,
बाकीच्यांना एक.
दोन्हीपाशी गुळाचा खडा ठेवायचा.
नव्या पादरीसाहेबांनी हटकलं तर म्हणायचा,
मुंग्यांसाठी आहे.

यंदा शमुवेल म्हणाला,
"मावशी, आता हाडांवरून कळतं गं.
थोडंसं उकरायचं, प्रयोगशाळेत द्यायचं,
तुझं थोडं रक्त."
फागू बांबूला टेकून उभा होता.
"मंग दुसऱ्या साताचा का करसाल जी?"
शमुवेल काही बोलला नाही.
मीही नाही.

मोह टपटपत होता.
फागूची सून टोपली घेऊन वेचायला आली होती.
तिनं जमिनीवरची फुलं तशीच ठेवली,
आधी गोट्यांवरची उचलली,
आम्हाला कुंचा फिरवता यावा म्हणून.
मग एकवीस आणि बावीस असायला हवे होते तिथं
घटकाभर उकिडवी बसली,
पोटुशी बाई बसते तशी, गुडघे फाकवून.

शमुवेलनं पहिल्या साताला दोन हात दिले.
दुसऱ्यापाशी बादली खरवडावी लागली.
पुरला.
गूळ मी आणला होता, पदरात विरघळलेला,
तो दगडाला पुसला.

उद्या पहाटे मेणबत्त्या घेऊन सगळी मंडळी येतील.
ओला चुना पांढरा दिसत नाही, राखेसारखा दिसतो.
आम्ही पलीकडं उतरेपर्यंत तो वाळला.
वळून पाहिलं तर खडकावर
त्रेचाळीस पांढरे ठिपके.
काठावरून आकडे दिसत नाहीत.