छाट

सिन्नर ही राजधानी होती,
हे मला नोकरी सुटल्यावर कळलं.

त्याआधी एकतीस वर्षं
सरस्वतीच्या काठी, पत्र्याच्या शेडात
मी विड्या तपासल्या.
जुडी उचलायची, अंगठ्यानं दाबायची,
तोंड बघायचं, बूड बघायचं,
सैल लागली की डावीकडे.
डावीकडे म्हणजे छाट.
हजारामागं चाळीस निघाल्याच पाहिजेत,
मुनीमजी सांगायचे,
निघण्यासारख्या नसल्या तरी.
छाटीचे पैसे नाहीत, छाट परतही नाही.
संध्याकाळी ती पोत्यात भरून
मागच्या दारानं विकली जायची.
पेटायची की.

आता दिवस कलला की गोंदेश्वराला येऊन बसतो.
फाटकापाशी निळा बोर्ड :
दगडाला धक्का लावाल तर कैद.
आत एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढतंय,
फोटोवाला नवऱ्या मुलाला सांगतोय,
राजासारखा बघ, राजासारखा.
तो बिचारा माळेगावच्या कारखान्यात
दुसऱ्या पाळीला आहे, मी ओळखतो त्याला.
तळच्या थरात हत्ती.
एकामागं एक, सोंडा झिजलेल्या,
शनिवारच्या पगाराला उभे राहिल्यासारखे.
मी सवयीनं मोजतो.
सवयीनं डावीकडे काढतो :
ह्याचा दात गेला.
ह्याला पाय नाही.
हा चेपला, चालणार नाही.

परवा सहलीच्या पोरांना मास्तर सांगत होते,
यादवांची गादी इथं होती,
मग ती उठून देवगिरीला गेली.
पोरं पुढं पळाली, चिंचा पाडायला.
मी तिथंच अडकलो.
गादी उठते म्हणजे कशी उठते?
कोणीतरी नदीकाठी बसून यादी केली असेल.
सोनार चालेल. वैद्य चालेल.
हत्ती सगळे. वाजंत्री निम्मे.
पखालवाला नको, तिथं दुसरा मिळेल.
कपडे धुणारी नको.
हा म्हातारा पाथरवट, ह्याचा हात कापतो,
डावीकडे.
त्या माणसाला रात्री झोप लागली का,
एवढं कुठल्या शिलालेखात लिहिलेलं नाही.
मला लागायची.
खोटं कशाला बोलू, चांगली लागायची.

काल अंबुबाई चिलका आली.
नंदीच्या मंडपाची पायरी चढताना दोनदा थांबली.
ह्याच बाईच्या मी सगळ्यात जास्त काढल्या होत्या,
कारण ती भांडायची.
'छाट तुमची म्हणा, पान माझं होतं,
आन् बोटं कुणाची होती?'
आता दात नाहीत, आवाज तोच.
ओळखलं तिनं. पिशवीत हात घातला,
एक जुडी काढून माझ्या पुढ्यात ठेवली.
'अजून वळते. कंपनी बंद झाली, बोटं कुठं बंद होतात.
घ्या. तपासा.'

मी अंगठा लावला.
तोंड बघितलं, बूड बघितलं.
काही कळेना.
अंगठ्याला काही कळतच नव्हतं,
मऊ, गरम, कुणाच्या हाताला हात लावावा तसं.
'काढा ना चाळीस,' ती म्हणाली.
'पंचवीसच आहेत,' मी म्हणालो.
ती एवढी हसली
की कळसावरची कबुतरं उडाली
आणि फोटोवाल्यानं मागं वळून पाहिलं.

मग तिनं एक मला दिली, एक स्वतः घेतली.
काडी ओढली तोच
चौकीदाराची शिट्टी :
ओ आजोबा, विडी बंद आहे इथं!
बाहेर व्हा, बाहेर!

उठलो.
तिला पायरी उतरताना कोपर धरलं,
तिनं ते झटकलं, मग राहू दिलं.
हत्तींच्या रांगेवरून, फोटोवाल्याच्या छत्रीखालून,
नवऱ्या मुलाला टाळत
फाटकाबाहेर आलो दोघं
आणि बोर्डाच्या खांबाला टेकून
पेटवल्या.

तेवीस उरल्या.
त्या तिनं मोजून परत पिशवीत ठेवल्या,
माझ्यादेखत, दोनदा.