बाकी

एकतीस वर्षं मी हेच करते आहे:
अक्षरांचे आकडे.
ए म्हणजे चार, बी तीन, सी दोन, डी एक,
आणि एफचा भोपळा,
ऑक्टोबरात दारोदारी ठेवतात तसा, वाटोळा.
सगळं मिळवायचं, विषयांच्या संख्येने भागायचं,
दशांशचिन्हापुढे तीन घरं चालून थांबायचं.
चौथ्या घरात कोण राहतं
हे शाळेने विचारायचं नसतं.

नेब्रास्काच्या या कोपऱ्यात
धान्याचे कोठे चर्चच्या मनोऱ्याहून उंच आहेत.
माझ्या खिडकीत मावतं ते एवढंच:
झेंडा, पिकअप गाड्या, मक्याची खुंटं,
आणि सकाळी सकाळी कोल्टन श्रोडर,
चाळीस गायींचं दूध काढून आलेला,
बुटांना अजून गोठा चिकटलेला.
कुस्तीच्या संघासाठी दोन लागतात.
त्याचे एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव.
"मिसेस पेल्टियर, वरच्या बाजूला नाही का धरता येत?"
नाही, म्हटलं.
म्हणताना मी स्टेपलरकडे बघत होते.

पण सांगायचंय ते टेसाचं.

अवघड विषयांना आमच्याकडे वजन असतं,
म्हणजे त्यांतल्या ए चे पाच.
रसायनशास्त्राला वजन आहे, कॅल्क्युलसला आहे.
वेल्डिंगला नाही.
लोखंडाला वजन नाही हे ठरवणारी समिती
याच इमारतीत बसली होती, दोन संध्याकाळी.
डोनट मीच आणले होते.

टेसा कोवारिक आणि ग्रेडन लुंडग्रेन:
दोघांचे चोवीस विषय, दोघांचे एकशे अकरा गुण,
दोघंही चार पूर्णांक सहाशे पंचवीस.
शेवटच्या सत्रात एक तास उरला.
ग्रेडनने तो रिकामा ठेवला,
ग्रंथालयात फोन घेऊन बसला.
टेसाने वेल्डिंग घेतलं.

सल्लागारांनी तिला माझ्या टेबलापाशीच समजावलं होतं.
"रिकाम्या तासाला किती मिळतात?" तिने विचारलं.
"काहीच नाही."
"म्हणजे शून्य?"
"शून्य नव्हे. काहीच नाही.
जे नाहीच, त्याने भागावं लागत नाही."
ती हसली. तिला वाटलं, गंमत करतायत.

मे महिन्यात तिला ए मिळाला.
याहून वर वेल्डिंगमध्ये काही नसतं.
एकशे अकरात चार मिळवले,
एकशे पंधराला पंचवीसने भागलं,
चार पूर्णांक सहा.
मी पुन्हा भागलं. मग कागदावर, हाताने,
जसं चौथीत शिकवलं होतं, हातचे वर लिहून.
चार पूर्णांक सहा. बाकी शून्य.
पैकीच्या पैकी मिळवून मुलगी खाली आली
आणि बसून राहिलेला जागच्या जागी पहिला.

पहिल्याला शिष्यवृत्ती, चार वर्षांची फी.
दुसऱ्याला समारंभात उभं राहून टाळ्या.
ग्रेडन वाईट मुलगा नाही, हेही लिहून ठेवते.
भाषणात त्याने तिचं नाव घेतलं,
आडनावाचा उच्चार चुकला तरी.

टेसाचे वडील आले होते, एकदाच, टोपी हातात धरून.
भांडायला आलेत असं समजून मी नियमांची फाईल काढली.
ते म्हणाले, "हिशेब बरोबर आहे ना?"
बरोबर आहे, म्हटलं.
"मग झालं," म्हणाले, आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

ती आता ग्रँड आयलंडला असते,
ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्यात.
रात्री कॉलेज करते, म्हणतात. मी विचारलेलं नाही.

माझ्या ऑफिसच्या मागच्या दाराला पाच पायऱ्या आहेत.
तिथला कठडा तिचा, परीक्षेचं काम म्हणून केलेला.
जोड शोधून सापडत नाही.
जानेवारीत पायऱ्यांवर बर्फ धरतं,
मी आता बासष्टची आहे,
आणि रोज संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी
हातमोजा काढून
मी तो धरते.