सोहार, सव्वादोन ते तीन

त्या आवारात शुक्रवारी
एकेका भाषेला तास ठरलेला.
पहाटे मल्याळी, मग तमिळ, मग तगालोग,
तेलुगूचं जेवण उरकेस्तोवर ऊन भिंतीला टेकलेलं.
मराठीला मिळाली सव्वादोन ते तीन,
तीही खुर्च्या रचून ठेवायच्या खोलीत.

आम्ही श्रीरामपुराहून आलेले सहा जण.
पाळकसाहेब उबाळे, पाळकीणबाई, कॉलेजातली दोन पोरं,
रूथबाई घाटविसावे, विमानात ज्यांचे कान दुखले,
आणि मी, पेटीवाला.
मंडळीनं वर्गणी काढून पाठवलं होतं.
कुणी शेळी विकली, कुणी भिशीचा नंबर सोडला.
निघताना म्हणाले, आपली माणसं आहेत तिकडे वाळूत,
त्यांना वचन द्या.

वाळू मला फारशी दिसली नाही.
दिसले खडीचे डोंगर, पाण्याचे टँकर,
दोरीवर वाळणाऱ्या निळ्या डांगऱ्या,
आणि एका अंगाला समुद्र,
आपला याच्याशी संबंध नाही असा पडलेला.

पेटी मस्कतलाच मोडली होती.
पट्ट्यावरून आली ती कण्हत,
भात्याची फळी उचकटलेली.
कस्टमवाल्यानं झाकण उघडून विचारलं, यात काय?
मी म्हणालो, वारा.
इंग्रजीत मला तेवढंच सुचलं.
तो हसला, आणि खडूनं फुली मारून जाऊ दिलं.

तर सव्वादोन.
अकरा माणसं. दाराशी बावीस बूट, सिमेंटनं पांढरे.
साहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला,
मी भाता दाबला,
आणि झोपेतल्या म्हाताऱ्याचा असतो तसा
नुसता श्वास निघाला. सूर नाही.

"द्या इकडे."
तो उपासनेला आलेला नव्हता.
या लोकांना कॅम्पातून पिकअपनं घेऊन आलेला,
दारात उभा, मराठी ऐकत.
हाशम बागवान, अंबडचा.
म्हणाला, मी कंपनीत दारांची रबरं बसवतो,
वारा कुठून निसटतो ते मला कळतं.

खोकणाऱ्या पोराला घालावं तसं
त्यानं पेटीला मांडीवर पालथं घातलं.
पंखा बंद होता. पाळकसाहेबांनी
बारा पानांच्या उपदेशाची घडी घातली
आणि त्याला वारा घालत बसले.

घड्याळ चालू होतं.
कुणीतरी रूथबाईंना विचारलं,
इथल्या पिठाची भाकरी तुटते हो, काय करावं?
बाई म्हणाल्या, पाणी उकळतं घे, जिवावर आलं तरी.
आणि दोन्ही तळहात समोर धरून
थापायला लागल्या.
अकरा माणसं पुढं सरकून बघत होती
ती नसलेली भाकरी गोल होताना.
बाईंनी ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.
मागचा एक जण, सुवार्तिक मगर त्याचं नाव,
म्हणाला, फुगली.
कुणी हसलं नाही.

तीनला वीस कमी असताना पेटी बोलली.
काळी चार चिकटलेली, मधेच गुणगुणत राहायची,
तिच्यासकट एक गीत झालं, तेही दोनच कडवी.
दारात कोंकणीवाले गिटार घेऊन उभे होते.
हाशमनं हात डांगरीला पुसले
आणि बूट घालणाऱ्यांना हाक दिली, चला रे, गाडी तापली.

अहवालाच्या कागदावर रकाना होता,
किती जणांना वचन दिलं.
पाळकसाहेबांनी अकरा लिहिलं.
मग बराच वेळ पेनचं टोपण लावलं नाही.

भात्यावर अजून ती काळी रबरपट्टी आहे,
कुठल्याशा गोदामाच्या दाराची.
रविवारी ऊन वाढलं की तिला वास येतो.
काळी चार गुणगुणते, प्रार्थनेतसुद्धा.
मंडळी म्हणते, दुरुस्त करून घे आता एकदा.
मी म्हणतो, बघू.