पुन्हा विचारू नका

लाक्सेल्व्हच्या दवाखान्यात एकशे चौऱ्याऐंशी कॉम्प्युटर,
आणि पाळीगणिक त्यांच्यापुढे बदलणारी
चारशे बारा माणसं.
नवा प्रोग्रॅम प्रत्येकाला, प्रत्येक मशीनवर,
पहिल्यांदा उघडताना सात प्रश्न विचारतो.
आधी स्वागत करतो. मग अटी पुढे सरकवतो.
फेरफटका मारू या का म्हणतो,
वापराची माहिती कंपनीला धाडू का म्हणतो,
आणि तोवर तातडीच्या कक्षात
स्ट्रेचरवर कोणीतरी निळं पडत असतं.

रात्रपाळीची सोल्व्ही मागच्या खेपेला म्हणाली होती,
"एइलर्ट, घराला आग लागली तरी
हा दारात उभा राहून
बूट काढायला लावील."

म्हणून नोव्हेंबराच्या शेवटी,
सूर्य बुडाला की थेट जानेवारीत उगवतो त्या दिवसांत,
तळघरात बसून मी प्रश्न मिटवत गेलो.
एका ओळीत एक. शून्याच्या जागी एक.
स्वागत: झालंय, असं समज.
अटी: वाचल्यात, असं समज.
फेरफटका: मारून आलाय, पाय दुखताहेत, असं समज.
असं समज, असं समज.
माझ्या धंद्याचं सगळं व्याकरण एवढंच.

एक फोल्डर असतो, त्याला माणसाचं नाव नसतं.
तिथं कधीच कोणी लॉगिन करत नाही.
पण जो नवा येतो तो त्याच्याच साच्यातून पडतो,
त्याच्या सवयी घेऊन, त्याचे होकार घेऊन.
मी त्या कोणी-नाहीच्या वतीनं
सगळ्याला हो म्हटलं.
म्हणजे चारशे बारा जणांच्या वतीनं,
परस्पर,
एका हातात कॉफीचा मग धरून.

सकाळी सगळं शांत.
आमच्यात कौतुक म्हणजे फोन न वाजणं.
दोन दिवस माझं फार कौतुक झालं.

तिसऱ्या दिवशी बिरेत आन्ने जिना उतरून आली.
एकतीस वर्षं नोंदणीच्या खिडकीवर बसते.
तक्रार नाही, म्हणाली, सहजच आले.
"आधी मशीन बदललं की विचारायचं,
कोणती भाषा?
यादीत अगदी तळाला आमची सामी असायची.
मी दर वेळी खाली खाली जायचे.
या वेळी कुणी विचारलंच नाही."

मी म्हटलं, सेटिंगमध्ये आहे की, दोन क्लिक, दाखवतो.
"ठाऊक आहे," ती म्हणाली. "केलंय मी ते."
मग थोडं थांबून:
"आईला वसतिगृहाच्या शाळेत घातलं ना,
तिथंही पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं.
समजूनच चालले होते."

ती गेली. पायऱ्यांवर तिच्या बुटांचं
वितळलेलं बर्फ.

मी स्क्रिप्ट उघडली. चौथी ओळ.
भाषा: नॉर्वेजियन, असं समज.
लिहिताना हात अडखळलासुद्धा नव्हता.
माझीच भाषा होती,
म्हणून तो मला प्रश्न वाटलाच नव्हता.

तेवढी एक ओळ खोडली.
बाकी सहा तशाच ठेवल्या, माझी काही मतं बदललेली नाहीत.
रात्री साडेअकराला सगळीकडे पाठवली.

सातपासून फोन.
क्ष-किरण विभाग, स्वयंपाकघर, फिजिओथेरपी,
अरे, हा पुन्हा विचारायला लागला!
हो, मी म्हणत होतो, एकच विचारतोय.
उत्तर द्या, पुन्हा नाही विचारणार.
सोल्व्हीचाही आला. "बूट?"
"नाही," म्हटलं, "बूट असू देत."
ती हसली नाही. म्हणाली, बरं, बघते,
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

कोणी काय निवडलं ते लॉगमध्ये उमटतं.
नावं बघायची नव्हती.
बघितली.
यादीच्या तळापर्यंत एकोणीस जण गेले होते.
मला सहाच माहीत होते.
अकरावं नाव सोल्व्हीचं,
सात वाजून बावीस मिनिटं,
पाळी संपल्यावर.