चुना जास्त

हातापेक्षा मांडी जास्त दुखेल
हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.
भाजला तो हात, उकळत्या पाकात, कोपरापर्यंत.
मांडीनं काय केलं होतं?
तिचा पापुद्रा काढून हाताला नेसवला,
आता ती रात्रभर हिशेब मागते.

महादेवी सिस्टर गोकाककडची.
'एष्टु, मामा? दहात किती?'
मी म्हणतो, हात चार, मांडी आठ.
आणि बोटांच्या टोकांत एक तिसरंच आहे,
मुंग्यांना काडी लावावी तसलं,
त्याला आकडा बसत नाही.
'आमच्यात उरि म्हणतात त्याला.'
आमच्यात काहिली, मी म्हणतो,
आणि गूळ शिजतो ती काहील.
ती हसत नाही. तीन ओळींत तीन दुखणी लिहून घेते.

भूलवाल्या मॅडम सकाळी खाटेच्या कडेला बसल्या.
म्हणाल्या, एकच औषध भरपूर दिलं
तर दुखणं झोपेल, पाठोपाठ श्वासही झोपेल.
म्हणून थोडं थोडं, वेगवेगळ्या वाटांनी.
सहा-सहा तासांनी पॅरासिटामॉल.
मॉर्फिन जरासं, तेही श्वास मोजून.
मांडीच्या शिरेजवळ बधिर करायची सुई.
रात्रीची गोळी त्या मुंग्यांसाठी.
आणि पट्टी सोडायच्या आधी ते एक,
ज्यानं छत लांब जातं
आणि माझा हात दुसऱ्या कुणाचा तरी होतो.

बाई, हे मला शिकवता?
संकेश्वरच्या पलीकडं, हिरण्यकेशीच्या काठाला
तीस हंगाम काहिलीपुढं उभा आहे मी.
नुसता चुना ओतला तर गूळ काळा पडतो.
भेंडीचं पाणी मळी वर आणतं, पण त्यालाही माप आहे.
फेस चढला की शेंगतेलाचे चार थेंब,
पाचवा नाही.
कुणाचं किती, ते रस सांगतो.
मॅडम म्हणाल्या, मग तुम्हाला कळलं.
फक्त माझं माप अंदाजाचं, त्यांचं मिलिग्रॅमचं,
आणि माझ्या काहिलीला बद्धकोष्ठ होत नाही.

त्या दिवशी तेल सिद्रायच्या हातात होतं.
पोरगं फोनमध्ये बघत होतं, फेस काठावर आला,
मी धावलो. पाय घसरला माझाच.
हे मी पोलिसांना सांगितलं, त्याच्या आईला सांगितलं,
त्याला अजून सांगायचं राहिलंय.

आज तो आला. एकोणीस दिवसांनी.
खाटेकडं न बघता पिशवी ठेवली,
आत ढेपेचा तुकडा.
मी नसताना काढलेलं त्याचं पहिलं आधण.
काळपट. कडेला खारट.
'चुना जास्त,' मी म्हणालो,
आणि तो रडायला लागला, तोंड भिंतीकडं करून,
बारा वाजताची सुई घेऊन सिस्टर आली तरी.

तिनं एक खडा तोंडात टाकला.
'एष्टु?' मी विचारलं.
बराच वेळ चघळत राहिली.
'दहात तीन.'
मग सवयीनं माझ्याकडं वळली,
पेन उघडून.

मांडी आठच.
हाताचं मी विसरलो होतो सांगायला.